डावा का उजवा?

माझा डावा दंड पहिल्यांदा फडकला तेव्हा मी आठवीच्या वर्गात स्नायूंचाच धडा घेत होते. परीक्षा तोंडावर आली होती आणि उजळणी चालू होती. फळ्यावर मी दोन रकाने आखले होते, ऐच्छिक स्नायू आणि अनैच्छिक स्नायू. मुली एका सुरात म्हणत होत्या, ‘ऐच्छिक स्नायू आपल्या इच्छेप्रमाणे हलतात.’ आणि माझ्या ब्लाउजच्या बाहीखाली काहीतरी आपल्याच मर्जीने थुडथुडत होतं. दुधावर साय धरताना मध्येच थरथरते ना, तसं. दुखत अजिबात नव्हतं. मी पदर ओढून घेतला आणि अनैच्छिक स्नायूंकडे वळले.

अमरावतीच्या या मुलींच्या शाळेत मी इतकी वर्षं शास्त्र शिकवते आहे की माझ्या हातचा मार खाल्लेल्या मुलींच्या मुली आता पहिल्या बाकावर बसतात. शरीरात काय कशामुळे होतं हे मला तोंडपाठ असतं. त्यामुळे घरी आल्यावर नवऱ्याला दंड दाखवला तो गंमत म्हणूनच. त्याने चष्मा लावून पाहिलं. कातडीखाली बारीक बारीक काहीतरी उठत होतं, विझत होतं.

“आतमंधी कोनी भाड्यानं रायते का?” तो म्हणाला.

आई अकोल्याला असते, माझ्या धाकट्या भावाकडे. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की तिचा फोन येतो. त्या दिवशी बोलता बोलता मी दंडाचं सांगून टाकलं. तिने लगेच विचारलं, “डावा का उजवा?”

“डावा.”

“मंग चांगलं हाय. बाईचा डावा दंड फडकला म्हनजे भेट व्हते. आपलं मानूस येईन पाह्य कोनीतरी.”

“आई, मसल हाय तो. थकला का उडते.”

“तुह्या शाळेत उडत असन. घरी फडकते.”

बाईचा डावा शुभ, उजवा अशुभ. पुरुषाचं उलटं. डोळा असो, दंड असो, आईचं हे शास्त्र माझ्या शास्त्राहून जुनं आणि जास्त ठाम. मी हो म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तिवशाहून नवऱ्याचा चुलतभाऊ अचानक हजर झाला, संत्र्यांची पिशवी घेऊन. आईला कळवलं तर ती म्हणाली, “मी म्हनलं नोतं?”

मग हे रोजचंच झालं. दंड फडकायचा, मी सांगायची, आई कोणाची तरी भेट कबूल करायची. आणि घर म्हटलं की कोणी ना कोणी येतंच. कधी गॅसवाला, कधी जुनी विद्यार्थिनी लग्नाची पत्रिका घेऊन, कधी शेजारीण विरजण मागायला. नवरा रोज दार उघडताना मोठ्याने विचारायचा, “डाव्या दंडावाले पाहुने तुमीच का?” मीही हसायची.

पण खरं सांगायचं तर आई ‘आपलं माणूस येईल’ म्हणाली की माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस यायचं, आणि ते गॅसवाला नव्हतं. ती स्वतः यायची.

आमच्याकडे लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. लेकीला लेकरू होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी घास घ्यायचा नाही, घोटही घ्यायचा नाही. बहुतेकांना हा नियम वर्ष-दोन वर्षं पाळावा लागतो. बारशाला आजी येते, पेढा खाते, पाणी पिते आणि सगळे सुटतात. मला मूल झालं नाही. त्यामुळे माझ्या आईने माझ्या लग्नापासून आजपर्यंत माझ्या घरचा पाण्याचा थेंब घेतलेला नव्हता.

येत नव्हती असं नाही. घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला आली होती, नवऱ्याचा पाय मोडला तेव्हा आली होती. पण येताना सोबत फिरकीचा तांब्या आणि डबा. पुढे तांब्या गेला, प्लॅस्टिकची बाटली आली. अकोल्यात नळ कितीतरी दिवसांआड येतो, तरी ही बाई तिथलं पाणी भरून अमरावतीला आणायची आणि माझ्या भरल्या माठाशेजारी बसून आपल्या बाटलीतलं कोमट पाणी प्यायची. मे महिना, अंगाची लाही, बाटली संपलेली, ओठ सुकलेले, आणि मी हातात पेला घेऊन उभी. “आता बस झालं न आई, कोन पाहून राह्यलं?” ती मान हलवायची. “कोनी पाहासाठी करतेत का? तुह्यासाठीच हाय थे.” तिचा खरोखर विश्वास होता की ती पाणी प्यायली तर माझ्या पदरात येऊ घातलेलं मूल माघारी जाईल. ते येऊ घातलेलं नाही, हे कळायला आम्हा दोघींनाही फार वर्षं लागली. कळल्यावरही तिने नियम सोडला नाही. सोडला असता तर मूल होणार नाही हे तिने तोंडाने कबूल केल्यासारखं झालं असतं.

लग्नानंतरची पहिली काही वर्षं मला मूल हवं होतं ते मूल म्हणून की आईने माझ्याकडे जेवावं म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही. मनात मी बारसं करायची तेव्हा पाळण्याआधी मला आईचं पान दिसायचं. ज्वारीची गरम भाकरी, वांग्याचं भरीत, वर कांद्याची पात. ती घास तोडते आहे आणि मी समोर बसून पाहते आहे. एवढंच. पाळण्यात कोण आहे ते मी नीट पाहिलंच नाही कधी.

तर पावसाळ्यापर्यंत दंड फडकतच होता. त्याच्या जोडीला आणखी किरकोळ गोष्टी आल्या. इतक्या किरकोळ की कोणाला सांगितल्या तर ते म्हणतील, बाई, वय झालं. ब्लाउजचे हुक लागेनात. कपडे वाळत घालताना चिमटा दाबला जाईना, मग मी दोन्ही हातांनी दाबायला लागले. दुधाची पिशवी दाताने फाडायला लागले. पहाटे पोटऱ्यांत असे गोळे यायचे की मी पलंगावरच उभी राहायची. जांभई आली की जबडा मध्येच अडकायचा. सगळ्यांत विचित्र म्हणजे डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला फुगीर भाग बसला. तिथे खळगा पडला. मी तो रोज चाचपून पाहायची. दुसऱ्या हाताशी जुळवून पाहायची. आणि पटकन हात पदरात घ्यायची.

मी शास्त्र शिकवते. खळगा पडतो म्हणजे काय होतं ते मला कळत होतं. पण कळणं वेगळं. रोज संध्याकाळी आई “भेट व्हते” म्हणायची तेव्हा मला ते ऐकायला बरं वाटायचं, आणि तेवढ्यासाठी मी डॉक्टरांकडे जायचं लांबवत गेले. शेवटी दिवाळीआधी, फराळाचा झारा हातातून निसटून कढईत पडला आणि गरम तेल नवऱ्याच्या पायावर उडालं. त्याने पायाला काही लावायच्या आधी मेंदूविकाराच्या डॉक्टरांचा नंबर लावला.

डॉक्टर तरुण होते, हळू बोलणारे. त्यांनी गुडघ्यांवर, कोपरांवर हातोडी मारून पाहिली. जीभ बाहेर काढायला लावली आणि टॉर्च टाकून ती बराच वेळ न्याहाळली. मग एक कागद माझ्या अंगठ्यात आणि बोटात धरायला दिला आणि म्हणाले, मी ओढतो, तुम्ही सोडू नका. उजव्या हातातला कागद फाटायची वेळ आली. डाव्या हातातला अलगद निघून गेला. मी वर्गात पोरींचे कागद असेच काढून घेते, चिठ्ठ्या पास करताना.

“गिळताना ठसका लागतो का? बोलताना जीभ जड होते का?” नाही, नाही. “कारण नसताना हसू किंवा रडू येतं का?”

नवरा म्हणाला, “कारन नसताना चिडते. चालते का थे?”

डॉक्टर हसले, पण लिहिलं काही नाही.

पुढच्या तपासण्या नागपूरला झाल्या. सुया टोचून स्नायूंमधली वीज ऐकतात. पडद्याशेजारच्या यंत्रातून खरखर येत होती, जुन्या रेडिओवर स्टेशन लागत नसलं की यायची तशी. तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, काकू, हात सैल सोडा. मी सैल सोडला. खरखर थांबली नाही. ऐच्छिक स्नायू, इच्छा काही नाही, आणि तरी आत सगळा बाजार चालू.

कागद घेऊन परत अमरावतीच्या डॉक्टरांकडे. ते म्हणाले, मोटर न्यूरॉनचा, म्हणजे स्नायूंना हलवणाऱ्या पेशी मरत जाण्याचा, आजार असू शकतो. असेलच असं आज म्हणता येत नाही. दुसरी काही कारणं आहेत, ती एकेक करून बाजूला काढू. काही महिने पाहावं लागेल, ते कुठे सरकतं का, दुसऱ्या हातात येतं का.

“आणि आलं तर?”

“तर मग परत बोलू.”

बाहेर राजकमल चौकात नेहमीचीच गर्दी होती. नवऱ्याने उसाचा रस घेतला, दोन ग्लास, बिनबर्फाचा. मला घेता आला, सांडला नाही. तो सारखा माझ्या हाताकडे पाहत होता आणि मी त्याच्याकडे. तो चेष्टा करत नव्हता, म्हणून मला भीती वाटली. एरवी त्याच्या चेष्टेला मी वैतागलेली असते.

भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं. घरी येऊन माठातलं पाणी पिताना ते मला नीट सापडलं. हात जाणार असेल तर जाऊ दे, असं मी म्हणत नाही, मी काही संत नाही. पण जायच्या आधी एकदा या हातांनी थापलेली भाकरी आईने माझ्या घरी बसून खावी. मला दुसरं काही मागायचं नव्हतं. शाळा नको, पेन्शन नको, काशी-रामेश्वर नको. आई हवी, माझ्या स्वयंपाकघरात, पाटावर.

पण हे तिला मागायचं तर ते का मागते आहे हे सांगावं लागलं असतं.

हिवाळ्यात सुट्टी काढून मी अकोल्याला गेले. मूर्तिजापूरच्या पुढे दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी उभी होती, पऱ्हाटीवर कुठे कुठे राहून गेलेला कापूस. आईने माझ्यासाठी वांगी भाजली होती. तुराट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचा वास गल्लीच्या तोंडापासूनच आला. तिने परात माझ्यापुढे सरकवली. “सोल.” मी सोलायला बसले. थंडीने माझी बोटं लाकडासारखी झाली होती, साल चिमटीत येईना. मी उजव्या हाताने सगळं उरकलं आणि डावा मांडीखाली घातला. आई भाकरी थापत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. ऐंशीच्या पुढची बाई, पण भाकरी अशी गरगर फिरायची की परातीला वाटावं आपणच फिरतोय.

“तू काहून नाई येत वं माह्या घरी?” मी विचारलं. माझा आवाज मलाच लहान मुलीसारखा वाटला.

“येतो न. बोलावलं का येतो.”

“जेवाले ये.”

ती थापायची थांबली नाही. “पाहू,” म्हणाली.

हे ‘पाहू’ मी वर्षानुवर्षं ऐकलेलं होतं. पुढे काही बोलले असते तर रडले असते. मी पातेलं उचलून ओट्यावर ठेवलं, उजव्या हाताने. जेवताना तिने माझ्या ताटात तीन वेळा भरीत वाढलं आणि एकदाच म्हणाली, “हात गारठला का तुहा?” मी हो म्हटलं.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर आम्ही रांगेत उभ्या होतो. झेंडा वर गेला, दोरी सुटली, फुलं पडली. सगळ्यांनी सलामी दिली. आणि सलामीच्या उजव्या हातात, दंडाच्या आत, ते थुडथुडणं सुरू झालं. वर झेंडा फडकतोय आणि खाली मी. माझ्या मनात एकदम आलं ते हेच, आणि मला हसू फुटलं. मुख्याध्यापिकांनी डोळे वटारले. राष्ट्रगीत संपेपर्यंत मी ओठ दातांत धरून उभी होते. मग मला डॉक्टरांचं वाक्य आठवलं. दुसऱ्या हातात येतं का, पाहावं लागेल.

नवऱ्याला सांगितलं. त्याने डॉक्टरांची पुढची तारीख घेतली, होळीनंतरची. आईला सांगितलं नाही.

तिने संध्याकाळी विचारलं, “फडकते का अजून? डावा का उजवा?”

“डावा,” मी म्हटलं.

“चांगलं हाय.”

उजवा म्हटलं असतं तर तिने लगेच नारळ बोलला असता, मारुतीला तेल घातलं असतं आणि रात्रभर जागली असती. त्यापेक्षा डावा. मी रोज डावा म्हणत गेले. तिला कोणीतरी येणार असं वाटत राहिलं. तिला तसं वाटतंय म्हणून मलाही जरासं वाटत राहिलं. खोटं बोलताना लाज वाटत नव्हती. हे एवढं एक आम्हा दोघींचं राहिलं होतं.

या दिवसांत मी घरी भाकरी थापून पाहायची. भाकरीला दोन्ही हात लागतात. एक हात थापतो आणि दुसरा कडेने तिला आधार देत फिरवत राहतो. थापणारा अजून चालत होता. आधार देणारा मागे पडायचा आणि भाकरीची डावीकडची कड चिरत जायची. नवरा ती चिरलेली भाकरी मुकाट खायचा. एकदा म्हणाला, “नकाशा कोनत्या देशाचा हाय आज?” मी लाटणं उगारलं. बरं वाटलं.

फोन कानाशी धरून हात भरून यायचा, म्हणून मी तो ओट्यावर ठेवून स्पीकरवर बोलायला लागले होते. होळीच्या आसपासची संध्याकाळ असेल. मी कणीक मळत होते, ती घट्ट झाली होती आणि कंटाळा आला होता. आई नातवंडांचं काहीतरी सांगत होती. मध्येच तिने विचारलं, “आज कोनता? डावा का उजवा?”

“दोन्ही,” मी म्हणून गेले.

मी कणकेत हात तसेच ठेवून उभी राहिले.

“दोन्ही कसे फडकतीन वं?” आई म्हणाली.

“फडकतेत कधी कधी.”

“नाई. एक तर चांगलं असते, नाईतर वाईट असते. दोन्ही कसं असन?”

तिच्या शास्त्रात दोन्हीला जागाच नव्हती.

“बरं,” ती म्हणाली, आणि फोन बंद झाला. ती कधी असा फोन ठेवत नाही. आधी जावयाची चौकशी असते, मग ‘ठेव आता’ असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा फोन. “ताई, आई बसमंधी बसली. आयकूनच नाई राह्यली. रैवारी गाडीनं आनून सोडतो म्हनलं, त म्हन्ते रैवारपर्यंत मले दम नाई. काय झालं तुले? मले त काई सांगून नाई राह्यली थे.”

मी शाळेत कळवलं. नवरा स्टँडवर गेला. मी घरात इकडून तिकडे फिरले, माठ धुतला, भरला, पाट काढला, परत ठेवला. कितीदा तरी ठरवलं होतं तिला कसं सांगायचं, त्यातलं एकही वाक्य आता सापडत नव्हतं.

रिक्षा थांबली. आई उतरली, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीतून बाटलीचं निळं झाकण दिसत होतं. तिने चपला काढल्या आणि सोफ्याकडे न जाता सरळ माझ्याकडे आली.

“दाखव.”

मी बाही वर केली. तिने आधी नुसतं पाहिलं. मग काठी भिंतीला लावून एक तळहात डाव्या दंडावर ठेवला, एक उजव्यावर. तिचे हात कोरडे होते आणि गरम. दोन्हीखाली ते चालू होतं. तिने डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. एकदाच, खूप वर्षांपूर्वी, अकोल्याच्या घरी तिने असाच हात माझ्या पोटावर ठेवला होता आणि असेच डोळे मिटले होते. तेव्हा हाताखाली काही हललं नव्हतं. तिलाही ते आठवलं असणार.

मग मी सांगितलं. हुक, चिमटे, झारा, नागपूरच्या सुया, सगळं. नाव सांगितलं. असू शकतं, नसूही शकतं, हेही सांगितलं. नवरा दाराशी उभा होता. आईने मध्ये एकदाही अडवलं नाही.

“मंग हे भेटीचं नोयच का?” शेवटी तिने विचारलं.

“नाई, आई.”

“वर्षभर मी म्हनून राह्यली, कोनी येईन, कोनी येईन. अन् तू आयकून राह्यली.”

“हो.”

“काहून नाई सांगितलं?”

“मले वाटे, तूच येशीन.”

मग तिने पिशवीतून बाटली काढली. भरलेली होती, अकोल्यापासून तशीच, झाकणही उघडलेलं नव्हतं. तिने ती खिडकीत ठेवून दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन खाली बसली, पाट न घेताच, फरशीवर.

“पानी दे,” ती म्हणाली.

मला वाटलं, बाटलीतलं. मी खिडकीकडे वळले.

“थे नोको. माठातलं दे.”

नवरा पटकन पुढे झाला, माठाकडे. आईने हात वर करून त्याला थांबवलं. “जावाईबुवा, तुमी नोका देऊ. तिले देऊ द्या.”

मी पेला घेतला. ओगराळ्याने पाणी काढलं, अर्धं बाहेर सांडलं, परत काढलं. दोन्ही हातांनी पेला धरून तिच्यासमोर बसले. माझे दोन्ही दंड फडकत होते आणि पेल्यातलं पाणी त्यासोबत हलत होतं. तिने पेला घेतला नाही. माझ्या हातांवर आपले हात ठेवले, पेला तसाच तोंडाशी नेला आणि प्यायली. सगळा. गळ्याखाली पाणी उतरताना मी पाहत होते.

नवरा तिथेच खाली टेकला. “आई,” तो म्हणाला, “आज कसं काय?”

आईने पदराने तोंड पुसलं. “लेकरू आलं घरी का पानी प्या लागते,” ती म्हणाली. “आता हे लेकरूच व्हऊन राह्यली. हिचे हुक लावा लागतीन, हिले भरवा लागन. मंग आलं न लेकरू या घरात? मी अजून कोनाची वाट पाऊ?”

मी रिकामा पेला माठावर ठेवला.

“अन् भाकर टाक आता,” ती माझ्याकडे वळून म्हणाली. “सकायपासून पोटात काई नाई.”

मी परात घेतली. पीठ घेतलं, पाणी घातलं. भाकरी थापायला लागले तशी डावीकडची कड चिरायला लागली. आई सरकून शेजारी आली आणि तिने आपला हात त्या कडेला लावला. मी थापत होते, ती फिरवत होती. तव्यावर टाकली तेव्हा भाकरी गोल होती, अगदी गोल नाही, पण भाकरी म्हणावी अशी. पापुद्रा सुटला, फुगली. मी ती तिच्या ताटात ठेवली. तिने घास तोडला, मिठाला लावला आणि तोंडात घातला.

तेव्हा मला रडू आलं, आणि थांबेना. डॉक्टरांची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. कारण नसताना रडू येतं का, असं ते पुन्हा विचारतील. मी सांगणार आहे, नाही.